धाकटीच्या वेळची थाळी

कर्जतच्या डॉक्टरबाईंनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात चूक झाली, आणि ती चूक मी पाच महिने तशीच राहू दिली.

धाकटी तेव्हा नुकती चौदाची झाली होती. शाळेत नवीन आलेल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की मुलगी नुसती अबोल नाही, हिला तज्ज्ञाला दाखवा. तोवर आम्ही सगळे धरून चाललो होतो की ती माझ्यावर गेली आहे. मी चारचौघांत बोलत नाही. पाहुणे आले की चहा आत करते आणि बाहेर दुसऱ्याच्या हाती पाठवते. त्यामुळं मुलगी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, हाक मारली तरी वळत नाही, याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. "आईचीच लेक," म्हणायचे. मला ते लागायचं. थोडं बरंही वाटायचं, की असेल माझ्यासारखी, संसार तर मीही केलाच ना.

डॉक्टरबाईंनी एक लांब कागद पुढं ओढला. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला धाकटी, आणि हे दाराशी उभे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे, मग ती कुठल्याही गावची असो. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, तुमीच सांगा."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "या तुमच्या आत्या? म्हणजे आत्याच्या मुलाशी लग्न झालंय तुमचं?"

"हां, मीच आत्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, बाई ओळख विचारतायत.

कागदावर 'नात्यात लग्न' असं लिहिलं होतं, त्याच्यापुढच्या चौकटीत बरोबरची खूण झाली. कागद माझ्याकडून उलटा होता तरी मला वाचता आलं. सांगायचं होतं, की नाही हो, माझं माहेर खालापूरकडचं, यांचं आमचं काही नातं नव्हतं. जीभ उचललीच नाही. तोवर बाई पुढं गेल्या होत्या.

"मुलीच्या वडलांचं वय?"

हे दारातून म्हणाले, "माझं कशाला? तपासायची पोरगी हाय."

"सांग रं," सासूबाई म्हणाल्या, "काय नवरा म्हणून बघायला आल्यात व्हय त्या तुला?"

तेव्हा यांनी सांगितलं, छप्पन्न. म्हणजे धाकटीच्या वेळी बेचाळीस. हे माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. किती महिन्यांची झाली, याचं उत्तर मी दिलं, कारण ते पक्कं माहीत होतं. आठवा सरत आला होता. गरोदरपणात आजारपण? सातव्यात ताप आला होता, पाच दिवस. एवढं सांगितलं. गोळ्यांचं नाही सांगितलं.

मग बाईंनी विचारलं, "जन्मल्यावर लगेच रडली का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती, मला काहीच कळत नव्हतं. सासूबाईंनी प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं.

"रडली की! अख्ख्या आळीला ऐकू गेलं."

बाईंनी खूण केली. त्यानंतर दीड तास त्यांनी धाकटीशी खेळून, बोलून, नुसतं बघत बसून घालवला. शेवटी म्हणाल्या, हिला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा वेडेपणा नाही. आजार म्हणावा असाही नाही. मेंदूची घडण वेगळी आहे आणि ती पोटात असल्यापासूनची आहे.

पोटात असल्यापासूनची. हे शब्द घेऊन मी जीपमध्ये बसले. धाकटी खिडकीशी बसून येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांचे नंबर म्हणत होती. आमच्या कशेळ्याच्या नाक्यावर थांबणारी प्रत्येक जीप तिला नंबरानं ओळखते. तिचा आवाज कानावर येत होता आणि माझं डोकं एका जागी अडकलं होतं. अख्ख्या आळीला ऐकू गेलं. कुणाला?

धाकटी घरीच झाली, ते दिवस भातलावणीचे होते. आमच्या आळीत लावणीच्या दिवसांत दुपारी माणूस राहत नाही, म्हातारीसुद्धा बांधावर जाऊन बसते. त्या दुपारी घरात मी होते, सासूबाई होत्या, आणि गोठ्यात एक दुभतं जनावर. मला रडणं आठवत नव्हतं. आठवत होती ती थाळी.

थाळीचं सांगायला हवं. आमच्याकडे मुलगा झाला की काशाची थाळी वाजवतात. मुलगी झाली की वाजवत नाहीत. थोरलीच्या वेळी वाजवली नव्हती. आठ वर्षांनी धाकटी झाली, आणि अंधारीतसुद्धा मला थाळी ऐकू आली, खण खण खण, थांबेचना. मला वाटलं मुलगा झाला. डोळे उघडले तर मुलगी. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आता पोरगा काय, पोरगी काय. वाजवली."

ते मी मनात जपून ठेवलं होतं. माझ्या सासूनं मुलीची थाळी वाजवली, हे मी माहेरी आवर्जून सांगितलेलं. मी आपणहून सांगितलेल्या गोष्टी थोड्याच, त्यातली ती एक. थोरलीचा मात्र त्यावर कायमचा राग. लहानपणी भांडण झालं की म्हणायची, "हिची थाळी वाजली, माझी कुठंय?" मोठी झाल्यावर थट्टेत म्हणायची, पण म्हणायचीच.

आता त्या जीपमध्ये मला पहिल्यांदा वाटलं, एवढा वेळ का वाजवत होत्या?

त्या दिवसापासून मी घरातल्या प्रत्येकाकडे संशयानं बघू लागले. यांच्या वयाचा कागदाला उपयोग होता म्हणजे त्यात काहीतरी असणार. हे मोबाइलला दोष देत होते, पण धाकटीनं मोबाइल हातात घेतला तो अकराव्या वर्षी. सासूबाई म्हणायच्या, नऊ महिन्यांची असताना लस टोचली तिथून बिघडली. आणि मी माझ्यावर संशय घेत होते. सातव्यात ताप आला तेव्हा दवाखान्यात न जाता दुकानातून गोळ्या आणून गुपचूप खाल्ल्या होत्या, दिवसातून दोनदा, पाच दिवस. सासूबाईंना कळलं असतं तर ओरडल्या असत्या म्हणून पाकीट चुलीत टाकलं. ते पाकीट जळताना वाकडं झालेलं मला अजून दिसतं.

हे सगळं मी असंच पोटात ठेवलं असतं. पण थोरलीला दिवस गेले.

थोरली खालापूर तालुक्यात दिली आहे, जावई खोपोलीला कंपनीत आहेत. तिसरा महिना लागला तशी ती दोन दिवस आली. आल्या आल्या दप्तरासारखी पिशवी टाकून माझ्यामागं चुलीपाशी.

"आई, तिकडं सासूबाई विचारतात. धाकटीचं हे तुमच्या घराण्यातलं हाय का? आधी कुणाला होतं का?"

"तू काय सांगितलंस?"

"नाय म्हटलं. मला काय म्हाईत? नाय ना गं?"

मी भाकरी थापत राहिले.

"आई, नाय ना? माझ्या बाळाला होईल का?"

"बघून सांगते," मी म्हटलं.

"बघून? पंचांग हाय का ते, बघून सांगायला?" ती हसली, पण तिचे डोळे माझ्यावर होते.

तेव्हापासून मला थाळी खोटी ठरायला हवी होती. म्हणजे ती आनंदाची नसावी. पोरगी रडली नसावी, जन्मताना गुदमरली असावी, आणि तिथंच जे व्हायचं ते झालं असावं. म्हणजे ते रक्तातलं नाही, थोरलीला त्याची भीती नाही. स्वतःच्या मुलीचा श्वास अडकला होता असं निघावं म्हणून मी देवाला हात जोडत होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

थोरली गेली त्या सोमवारी बिरड्यासाठी वाल भिजत घातले होते. मोड आले तसे सोलायला बसलो, मी, सासूबाई, धाकटी. मी मुद्दाम माळ्यावरची थाळी काढली आणि सोललेले वाल टाकायला मधे ठेवली. तिच्या काठाला एक पोचा आहे, अंगठा बसेल एवढा. हौसेनं वाजवलेल्या थाळीला असा पोचा पडत नाही.

"ती कशाला काढलीस? ठेव वर," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"हिला आवाज सोसत नाय."

खरं होतं. घरात भांडं पडलं की धाकटी दोन्ही कान दाबून खाली बसते. पण भिजलेले वाल वाजतील कसे? मी तसं म्हटलं. मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारला, तोही सालीकडे बघत.

"आत्याबाई, त्या दिवशी लावणी होती. आळीत ऐकायला कोण होतं?"

त्यांनी आणखी दोन वाल सोलून थाळीत टाकले. मग त्या म्हणाल्या, "कुणी नव्हतं."

"रडली नाय ना?"

"काळीनिळी होती गं. मऊ, फडक्यासारखी. उलटी धरली, पाठ चोळली, काय नाय. मंग थाळी घेतली नि पळीचा दांडा, आणि हिच्या कानाशी वाजवली. वाजवली, वाजवली. माझा हात भरून आला. तवा कुठं मांजरावाणी आवाज काढला."

"मला का नाय सांगितलंत?"

"काय सांगू? गावातल्या आशाताईचा निरोप होता, कळा आल्या की दवाखान्याच्या गाडीला फोन करा. मीच म्हटलं आठव्यात कोण बाळंत होतंय, खोट्या कळा असतील, थांब. पयलीच्या वेळी दीड दिवस घेतलास." त्यांनी एक वाल हातात धरूनच ठेवला. "त्याचं नाय वाटत मला एवढं. पण त्या थाळीचं वाटतं. एवढंसं पाखरू, नि त्याच्या कानाशी मी अशी बडवली. काय तरी तुटलं आत. म्हणून आज आवाज झाला की कान धरते. माझाच आवाज हाय तो, तिच्या डोक्यात बसलेला."

तेव्हा मला दुसरी एक गोष्ट उमगली. आळीतल्या सगळ्या सासवा राग आला की भांडी आपटतात. माझ्या सासूनं चौदा वर्षांत एक पेला आपटला नव्हता. हंडासुद्धा चुंबळीवर असा टेकवायच्या, की कळायचं नाही. मला वाटायचं, सून मनातून उतरली म्हणून बोलणंही नको नि आपटणंही नको. तसं मी कितीतरी वर्षं धरून बसले होते.

माझं काम झालं होतं. हवं होतं ते मिळालं. मी उठणार, एवढ्यात सासूबाईंची नजर धाकटीकडे गेली. तिनं सोललेले वाल थाळीत टाकले नव्हते. जमिनीवर एकापुढं एक मांडले होते, मोठ्यापासून बारक्यापर्यंत, सरळ रेघेत.

"तो बी असंच मांडायचा," सासूबाई म्हणाल्या.

"तो कोण?"

त्यांनी पुढचा वाल उचलला. पण मी आता एकदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा विचारणं सोपं गेलं. "कोण, आत्याबाई?"

"माझा भाऊ. दोन नंबरचा. ओढ्यातले गोटे आणायचा नि रेघा मांडायचा. कुणी मोडली तर डोकं आपटायचा. बोलायचा नाय. आरतीला घंटा वाजली की कान धरून पळायचा."

"तुमचे दोनच भाऊ ना?"

"सांगायला दोन. पाव्हणे आले की त्याला गोठ्यात बसवायचे. माझी सोयरीक मोडली असती ना. इसाव्या वर्षी तापात गेला."

मी थाळीकडे बघत होते. तोंडातून निघून गेलं, "म्हणजे त्याच्या कानाशी कुणी थाळी वाजवली नव्हती."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत त्यांच्या मनात भावाचे कान आणि ही थाळी कधी शेजारी आलीच नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग लगेच त्यांनी माझं मनगट धरलं. "थोरलीच्या सासरी बोलू नको हां. हितं सांगितलं, हितंच ऱ्हाऊ दे."

ज्या गोष्टीनं म्हातारी सुटत होती, तीच माझ्या थोरलीच्या पोटाशी जाऊन बसत होती. मला वाटलं, उगाच विचारलं. थाळीपाशी थांबले असते तर बरं होतं.

आठवडाभर मी गप्प राहिले. थोरलीचा फोन आला की विषय बदलायचे, आणि ती ओळखायची. शेवटी कर्जतला धाकटीची पुढची तारीख आली. मी एकटीनं न्यायचं ठरवलं, पण सासूबाई आधीच लुगडं बदलून जीपमध्ये बसलेल्या.

डॉक्टरबाईंनी तो जुना कागद काढला. मी घरून वाक्य पाठ करून आले होते.

"मॅडम, या माझ्या आत्या नाहीत."

बाई चमकल्या. "मग कोण आहेत?"

"सासू आहेत. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. आमचं लग्न नात्यातलं नाही."

बाई आधी कागदाकडे, मग सासूबाईंकडे बघून हसल्याच. "अहो, मग तेव्हाच सांगायचं!"

"तवा तिचं तोंड उघडत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "आता उघडलंय तर ऐकून घ्या, परत मिटल."

मग मी सगळं सांगितलं. रडली नाही ते. थाळी. सासूबाईंचा भाऊ, हे सांगताना त्या खिडकीकडे बघत होत्या, पण अडवलं नाही. शेवटी गोळ्यासुद्धा सांगितल्या. सासूबाई म्हणाल्या, "पाकीट चुलीत सापडलं होतं मला." म्हणजे त्यांना चौदा वर्षं माहीत होतं, आणि मला वाटत होतं मी लपवते आहे.

बाईंनी जुन्या खुणा खोडल्या, नव्या केल्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, की वडलांचं वय जास्त असणं, दिवस भरायच्या आधी जन्म, गरोदरपणात मोठा ताप, जन्मताना श्वास अडकणं, घराण्यात आधी कुणी असणं, या सगळ्यांचा संबंध दिसलेला आहे. प्रत्येकानं शक्यता थोडी वाढते. पण तुमच्या मुलीत यातलं नेमकं कशानं झालं, हे कुणी बोट ठेवून सांगू शकत नाही. रडायला उशीर झालेली पुष्कळ मुलं पुढं अगदी व्यवस्थित असतात. आणि कधी कधी मुळातच वेगळ्या घडणीचं बाळ जन्मताना जड जातं. लसीनं हे होत नाही, ते मनातून काढून टाका. ताप उतरवायला साधी गोळी घेतली, तिच्यामुळं हे झालं असं ठरलेलं नाही. ताप अंगावर काढणं जास्त वाईट.

"आणि थाळी?" सासूबाईंनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"थाळीनं नाही झालं, आजी. अशा मुलांना मोठा आवाज मुळातच सोसत नाही."

"नक्की?"

"हे मात्र नक्की."

मी थोरलीचं विचारलं. बाई म्हणाल्या, घराण्यात असलं तर शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त धरतात, पण बहुतेक बाळांना काही होत नाही. तिच्या डॉक्टरांना हे सांगून ठेवा. बाळंतपण दवाखान्यातच करा. बाळ वर्षाचं होईस्तोवर नजर देतं का, हाकेला वळतं का, बोट दाखवतं का, तेवढं बघा. लवकर कळलं तर लवकर शिकवता येतं. तुमची चौदा वर्षं गेली, तिची जायला नकोत.

बाहेर येऊन आम्ही स्टेशनजवळ चहा घेतला. सासूबाईंनी बशी टेबलावर अलगद टेकवली, आवाज न करता. "डॉक्टर म्हणाली म्हणून झालं का," त्या म्हणाल्या. "तिनं कुठं बघितलंय मला वाजवताना." आणि धाकटीच्या केसातली निसटलेली पिन नीट खोचली. धाकटीनं मान काढून घेतली नाही.

माझाही संशय गेलेला नाही. बाईंनी एका प्रश्नाची पाच उत्तरं दिली आणि पाचांपैकी एकही माझ्या हातात दिलं नाही. कधी मी यांच्या वयाकडे बघते, कधी तापाकडे, कधी त्या न पाहिलेल्या मामेसासऱ्यांकडे, जे गोठ्यात बसून गोटे मांडत असतील. पण थोरलीला 'बघून सांगते' म्हटलं होतं. सासूबाईंना विचारलं, की सांगू का. त्या म्हणाल्या, "माझी सोयरीक व्हायची ती होऊन गेली. सांग जा."

फोनवर जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी एकटी तिच्या घरी गेले, कर्जतहून गाडी बदलून. तिच्या सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी तिला सगळं सांगितलं, गोठ्यातल्या भावापासून. सासरी किती सांगायचं ते तिच्यावर सोडलं. डॉक्टरला मात्र सगळं सांगायचं, हे बजावलं. ती पदर पोटावर धरून ऐकत होती. तिला रडू येईल असं मला वाटलं.

"म्हणजे थाळी कौतुकाची नव्हतीच?" तिनं विचारलं.

"नव्हती गं."

"नि मी इतकी वर्षं तिच्यावर जळत होते."

"हो."

"माझ्या वेळी का नाय वाजवली मंग?"

"तू पोरगी होतीस म्हणून. आणि तू बाहेर येताच रडलीस. तुझं मी स्वतः ऐकलं."

ती माझ्याजवळ सरकली. "आई, माझ्या वेळी तू आत असशील ना? कुणी विचारलं, रडलं का, तर तुला म्हाईत पायजे."

"असेन."

"आणि आजीला सांग, थाळी आणायची नाय हां. पोरगा झाला तरी."